कर्जाची फेड आणि घराची घडी

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यानिमित्त कोलकाता येथे आलेल्या, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

काल तुम्ही जोरासांको येथील ठाकुरांचा वाडा पाहिलात. रवींद्रनाथांच्या वास्तव्याच्या खुणा आपण तेथे आदराने पाहतो. परंतु रवींद्रनाथांच्या जन्मापूर्वी सुमारे तेरा वर्षे या कुटुंबावर एक आर्थिक आपत्ती कोसळली होती. तिच्याकडे पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही. आज मला त्या प्रसंगापासून सुरुवात करावयाची आहे, कारण आपला विषय आहे वैयक्तिक कर्जाची फेड आणि ती करीत असताना सांभाळावयाची नाती व संसार.

हा विषय अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो. राजकोषीय तूट, सार्वजनिक कर्ज, परकीय कर्ज यांच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील. मात्र तुमच्या शिक्षणासाठी वडिलांनी पतसंस्थेतून किती रक्कम उचलली आहे, तिचा व्याजदर काय आणि मामांनी दिलेले पैसे परत कधी करावयाचे आहेत, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी बँकेच्या कर्जविभागात अनेक वर्षे काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, की बहुतेक कुटुंबे कर्जाच्या रकमेमुळे मोडत नाहीत. ती मोडतात ती कर्ज लपविल्यामुळे, आणि फेडीच्या ओघात घर व माणसे यांचा विचार न केल्यामुळे.

जोरासांकोचा धडा

द्वारकानाथ ठाकूर हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कोलकात्याचे अग्रगण्य उद्योजक. १८३४ मध्ये त्यांनी ‘कार, टागोर आणि कंपनी’ ही पेढी उभी केली. नीळ, रेशीम, कोळसा, जहाजवाहतूक अशा अनेक क्षेत्रांत त्यांचे भांडवल गुंतलेले होते. युनियन बँकेच्या स्थापनेतही त्यांचा मोठा वाटा होता. १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले आणि १८४७-४८ च्या व्यापारी अरिष्टात ही बँक व पाठोपाठ ही पेढी दोन्ही बुडाल्या. थोरले पुत्र देवेंद्रनाथ त्यावेळी तिशीत होते. त्यांनी आत्मचरित्रात दिलेल्या हिशोबानुसार पेढीचे देणे सुमारे एक कोटी रुपये, येणे सुमारे सत्तर लाख, आणि तूट तीस लाखांची होती.

येथे एक कायदेशीर बाब लक्षात घेतली पाहिजे. द्वारकानाथांनी दूरदृष्टीने आपल्या काही जमीनदाऱ्या अगोदरच विश्वस्त निधीत ठेवल्या होत्या. त्या मालमत्तेला धनकोंना हात लावता येत नव्हता. देवेंद्रनाथांनी धनकोंची सभा बोलाविली, सर्व हिशोब त्यांच्यापुढे मांडला आणि कायद्याने सुरक्षित असलेली ही मालमत्ताही देणे फेडण्यासाठी पुढे ठेवण्याची तयारी दर्शविली. धनकोंवर याचा परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. त्यांनी जप्तीचा मार्ग न धरता कुटुंबाच्या निर्वाहासाठी वर्षाला पंचवीस हजार रुपये मान्य केले आणि पुढे मालमत्तेचा कारभारही कुटुंबाकडेच सोपवून क्रमाक्रमाने फेड स्वीकारली. देवेंद्रनाथांनी नोकरचाकर कमी केले, गाड्याघोडे विकले, खाण्यापिण्याचा व वस्त्रांचा खर्च आटोक्यात आणला. वडिलांनी एका धर्मादाय संस्थेला एक लाख रुपये देण्याचा शब्द दिला होता. तोही त्यांनी व्याजासह पाळला.

रवींद्रनाथांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत त्या काळच्या साध्या राहणीचे आणि मोजक्या कपड्यांचे वर्णन केले आहे. या साधेपणामागे कर्ज हेच एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्या घराने काटकसरीत शिक्षण थांबविले नाही, संगीत थांबविले नाही आणि माणसांचे येणेजाणेही थांबविले नाही. काय कमी करावयाचे आणि काय नाही, याची ही निवड महत्त्वाची आहे.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, धनकोला सर्वाधिक भीती असते ती अंधारात राहण्याची, आणि हिशोब समोर आला की बोलणी सुरू होऊ शकतात. दुसरी, धनकोंनी मान्य केलेले पंचवीस हजार रुपये ही निव्वळ दया नव्हती. चालत्या घराकडूनच कर्ज वसूल होते, मोडलेल्या घराकडून होत नाही, हा व्यवहारही त्यात होता.

जामिनाचे ओझे : चित्तरंजन दास

दुसरे उदाहरण याच शहरातील देशबंधू चित्तरंजन दास यांचे. त्यांचे वडील भुवनमोहन दास हे कोलकाता उच्च न्यायालयात सॉलिसिटर होते. ते स्वभावाने उदार. स्वतःच्या खर्चापायी आणि दुसऱ्याला जामीन राहिल्यामुळे ते कर्जात बुडाले. मुलानेही वडिलांबरोबर जबाबदारी स्वीकारली आणि १९०६ मध्ये पितापुत्र दोघांनाही नादारी पत्करावी लागली. तरुण बॅरिस्टरच्या दृष्टीने ही केवढी नामुष्की असेल याची कल्पना करता येईल. ज्या न्यायालयात पक्षकारांची बाजू मांडावयाची, त्याच न्यायालयाच्या दप्तरी नादार म्हणून नाव!

१८९७ मध्ये त्यांचा वासंतीदेवींशी विवाह झाला होता, मुले लहान होती आणि मोठ्या कुटुंबाचा भार शिरावर होता. १९०८-०९ मध्ये अरविंद घोष यांच्या बचावाचा अलीपूर खटला त्यांनी मोबदल्याची पर्वा न करता चालविला. ६ मे १९०९ रोजी अरविंदांची निर्दोष मुक्तता झाली आणि चित्तरंजनांची वकिली भरभराटीस आली. १९१३ मध्ये, कायद्याने तसे बंधन उरलेले नसतानाही, त्यांनी जुन्या धनकोंचे देणे चुकते केले आणि नादारीचा हुकूम रद्द करून घेतला.

नादारीपासून फेडीपर्यंत सात वर्षे गेली हे ध्यानात घ्या. या सात वर्षांत त्यांनी संसार चालविला, व्यवसाय वाढविला आणि सार्वजनिक कर्तव्यही टाळले नाही. नादारीच्या कायद्याने त्यांना सवड दिली आणि त्या सवडीचा उपयोग त्यांनी उभे राहण्यासाठी केला. नादारीकडे केवळ कलंक म्हणून पाहणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर अभ्यासावे.

उत्पन्न होते, हिशोब नव्हता

तिसरे उदाहरण याच्या उलट आहे. कवी मायकेल मधुसूदन दत्त बॅरिस्टर होण्यासाठी युरोपात गेले आणि १८६४ मध्ये व्हर्साय येथे पत्नी व मुलांसह अत्यंत हलाखीत सापडले. त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना पत्रे लिहिली. विद्यासागरांनी पैसे पाठविले, आणि त्यासाठी वेळप्रसंगी स्वतः इतरांकडून कर्ज काढले. मधुसूदन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन कोलकात्यास परतले व त्यांना उत्पन्नही होऊ लागले. परंतु खर्च त्याहून अधिक राहिला. ज्यांच्याकडून विद्यासागरांनी रकमा आणल्या होत्या, त्यांचा तगादा विद्यासागरांना सोसावा लागला आणि दोघांच्या स्नेहात कटुता आली. २९ जून १८७३ रोजी मधुसूदन यांचे अलीपूरच्या रुग्णालयात निष्कांचन अवस्थेत निधन झाले. पत्नी हेन्रिएटा तीनच दिवस अगोदर निवर्तली होती.

मधुसूदनांच्या प्रतिभेला याने बाधा येत नाही. परंतु मित्राने दिलेला पैसा अनेकदा त्याचा स्वतःचा नसतो, तोही कुठून तरी उसना आणलेला असतो, ही जाणीव ठेवली पाहिजे. नातेवाइकांच्या बिनव्याजी कर्जावर व्याज नसते, पण किंमत असते.

कायदा काय सांगतो?

आता आपण इतिहासाकडून आजच्या कायद्याकडे वळू. परीक्षेच्या दृष्टीने आणि संसाराच्या दृष्टीनेही पुढील मुद्दे उपयुक्त आहेत.

पहिला मुद्दा जामिनाचा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘फक्त सही कर, बाकी मी पाहतो’ असे सांगणारा मित्र खोटे बोलत असतो असे नव्हे, पण त्याला कायदा ठाऊक नसतो. जामीन राहताना ती रक्कम उद्या आपल्यालाच भरावी लागेल असे गृहीत धरावे. ते झेपणारे नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. नकारामुळे नाते काही काळ दुखावते, पण थकलेल्या जामिनाने ते कायमचे तुटू शकते.

दुसरा मुद्दा वडिलांच्या कर्जाचा. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या मिताक्षरा पद्धतीत पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. हिंदू वारसा (सुधारणा) कायदा, २००५ अन्वये, ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जाबाबत केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारे मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध वसुलीची कार्यवाही करता येत नाही. मृताच्या वारसाकडून होणारी वसुली ही त्याच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच असते, हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५० मध्येही नमूद आहे. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात, हे येथे लक्षात ठेवावे.

तिसरा मुद्दा जप्तीच्या मर्यादेचा. त्याच संहितेचे कलम ६० मुळातून वाचण्यासारखे आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूणपांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून काढता न येणारे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते यांची जप्ती होऊ शकत नाही. पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांच्या वसुलीत पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग यांनाही संरक्षण आहे. देवेंद्रनाथांच्या धनकोंनी जे स्वेच्छेने केले, तेच तत्त्व येथे कायद्याने मान्य केलेले दिसते. फेड करावयाची ती घरातील चूल पेटती ठेवून. प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या ऋणकोला केवळ पैसे न दिल्याबद्दल तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नादारीबाबत कोलकाता, मुंबई व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर भागांसाठी १९२० चा कायदा करण्यात आला. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठीही तरतुदी आहेत. मात्र तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू करण्यात आला.

घरचा ताळेबंद

आता एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ४०,००० रुपये आहे. घरभाडे, किराणा, मुलांची फी, औषधे, प्रवास मिळून २४,००० रुपये खर्च होतात. उरतात १६,०००. देणी चार आहेत : बँकेचे वैयक्तिक कर्ज, हप्ता ६,५०० रुपये, क्रेडिट कार्डाची थकबाकी ६०,००० रुपये, व्याज दरमहा साडेतीन टक्के, मेहुण्याकडून घेतलेले ५०,००० रुपये, बिनव्याजी, आणि किराणा दुकानदाराची ४,००० रुपयांची उधारी.

कार्डावरील पहिल्या महिन्याचे व्याजच २,१०० रुपये होते. कंपनीने सांगितलेली किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये धरली, तर मुद्दल अवघे ९०० रुपयांनी कमी होईल. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ५१ टक्के होतात. त्यामुळे निव्वळ गणिताने पाहिले तर सर्व जादा पैसा कार्डाकडे वळवावा, हे उघड आहे.

परंतु येथे माणसांचाही हिशोब करावा लागतो. किराणा दुकानदाराचे तोंड रोज पाहावे लागते आणि अडचणीच्या दिवशी तोच उधार देतो. म्हणून त्याचे ४,००० रुपये पहिल्याच महिन्यात चुकते करावेत. मेहुण्याला दरमहा १,००० रुपये ठरलेल्या तारखेस द्यावेत. रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे शब्द जिवंत राहतो आणि सणासुदीला एकमेकांच्या घरी जाताना नजर चुकवावी लागत नाही. १,००० रुपये आजारपणासाठी बाजूला ठेवावेत, अन्यथा पहिल्याच तापाला कार्ड पुन्हा बाहेर निघेल. बँकेचा हप्ता भरून कार्डासाठी पहिल्या महिन्यात ३,५०० आणि पुढे दरमहा ७,५०० रुपये राहतात. कर व शुल्क बाजूला ठेवले आणि कार्डावर नवी खरेदी केली नाही, तर अकराव्या महिन्यात कार्ड कोरे होते. व्याजापोटी साधारण १३,२०० रुपये जातात. त्यानंतर मोकळी झालेली रक्कम मेहुण्याकडे वळविली की पंधराव्या महिन्यात त्याचेही देणे पूर्ण होते. सव्वा वर्षात चारपैकी तीन देणी संपतात.

हे सारे एका अटीवर शक्य आहे. हा कागद पती आणि पत्नी दोघांनी मिळून लिहिला पाहिजे. माझ्या नोकरीच्या काळात एक गृहस्थ दर महिन्याला स्वतः येऊन हप्ता भरीत आणि पत्रव्यवहार घरी पाठवू नका अशी विनंती करीत. घरी कर्जाचा पत्ता नव्हता. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठी ते दुसरीकडून कर्ज घेत होते. अखेर दुसऱ्या एका ठिकाणचा वसुलीचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा पत्नीला सर्व कळले. पुढे ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘पैसे मी भरीन, शिकवण्या घेईन. पण तीन वर्षे हा माणूस माझ्याशी खोटे बोलला, ते कसे भरून काढू?’ त्या प्रश्नाला आमच्या कोणत्याही नियमावलीत उत्तर नव्हते. कर्ज तिने खरोखरच चार वर्षांत फेडले. त्या आकड्याहून मला तिचा प्रश्नच अधिक आठवतो.

आजची परिस्थिती

कोलकाता परिसराचा लघुवित्ताच्या इतिहासाशीही निकटचा संबंध आहे. २००१ मध्ये हावडा जिल्ह्यातील बागनान येथून ‘बंधन’चे काम सुरू झाले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तिची बँक झाली. अशा कर्जांमुळे असंख्य स्त्रियांना सावकाराशिवाय भांडवल मिळाले, हे खरे. परंतु एकाच घरात अनेक संस्थांची कर्जे साचली की काय होते, हे २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील अरिष्टाने दाखविले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने लघुवित्तासाठी नवी चौकट आखून दिली. तीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांची सर्व कर्जांची मासिक परतफेड मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे त्यात ठरविण्यात आले. निम्मे ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. सुज्ञ कुटुंबाने त्याच्या बरेच अलीकडे थांबावे.

मोबाईलवरील झटपट कर्जांचा तरुणांना विशेष मोह पडतो. कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील आहे काय आणि सर्व खर्च धरून वार्षिक दर किती, हे पाहिल्याशिवाय संमती देऊ नये. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, नातेवाईक व मित्र यांना त्रास देऊ नये, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिल्या. त्यांचा भंग झाल्यास प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ही सेवा निःशुल्क आहे. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसू लागताच, थकबाकी होण्यापूर्वी, बँकेशी बोलावे. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा मार्ग त्यावेळी अधिक मोकळा असतो.

तुमच्यापुरते

मित्रहो, शेवटी तुमच्याविषयी. तुमच्यापैकी अनेकांचे या घडीचे शिक्षण कुणाच्या तरी कर्जावर चालले आहे. पुण्यातील खोलीचे भाडे, शिकवणीची फी, अभ्यासिकेचे शुल्क यांची तजवीज वडील करतात आणि ‘तू फक्त अभ्यास कर’ असे सांगतात. त्यामागे माया असते. परंतु या मायेमुळे मुलगा किंवा मुलगी हिशोबापासून दूर राहते, आणि पहिला प्रयत्न, दुसरा, तिसरा, असे करीत वर्षे जातात. कर्ज वाढते आणि घरातील बोलणे कमी होते. निकालानंतर घरी दूरध्वनी न करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना अपयशापेक्षा कर्जाची लाज अधिक वाटत असते.

येथून परतल्यावर एक काम करा. आईवडिलांसमवेत बसा आणि एका कागदावर सर्व देणी लिहा : कोणाचे, किती, कोणत्या दराने, कोणत्या तारखेपर्यंत. आईलाही त्या बैठकीत बसवा, कारण पुष्कळ घरांत दागिने तिचे गहाण पडतात आणि आकडे मात्र तिला सांगितले जात नाहीत. किती प्रयत्न करावयाचे व त्यानंतर काय, हे त्याच कागदावर लिहा. शक्य असेल तर एखादे अर्धवेळ काम धरा. मिळकत थोडी असली तरी एक लहान देणे आपल्या नावावर घ्या आणि ते नियमाने फेडा. अभ्यासाचा वेळ थोडा कमी होईल, पण मनावरचे दडपण त्याहून अधिक कमी होईल.

उद्या तुमच्यापैकी काही जण तहसीलदार, सहायक निबंधक किंवा बँकेचे अधिकारी होतील. एखादा थकबाकीदार तुमच्या टेबलासमोर उभा राहील. त्याच्या हातात वसुलीची नोटीस असेल आणि घरी त्याने ती दाखविली नसेल. त्या वेळी नियमानुसार जी कार्यवाही करावयाची ती अवश्य करा. परंतु तत्पूर्वी त्याला बसावयास सांगा, आणि घरी हे सांगितले आहे का, एवढे विचारा.